आवाज येत नसल्यास

सिरुसेरीतल्या एका कंपनीत मी मराठी लिहिते. चेन्नईत राहून मराठी लिहिण्याचा पगार मिळतो, हे माझ्या नातेवाइकांना अजून पटलेलं नाही. मोबाइलवर निरोप पाठवायचं आणि कॉल करायचं एक अॅप आहे. ते अडलं की माणसं वैतागून 'मदत' या शब्दावर बोट ठेवतात. मग जो मजकूर उघडतो, त्यातला मराठी मजकूर माझा असतो. 'कॉल लागत नसल्यास', 'चित्र गोठल्यास', 'आवाज येत नसल्यास'. लेखिकेचं नाव कुठेही नसतं, आणि वाचणारा त्या वेळी ज्या मनःस्थितीत असतो ती पाहता ते बरंच आहे.

गेल्या वर्षी 'आवाज येत नसल्यास' या मजकुराला कंपनीचा वार्षिक सन्मान मिळाला. इथे कुणाचाही सत्कार रेशमी शालीशिवाय होत नाही. मंचावर समई होती, चंदनाचे हार होते, आणि परदेशातून आलेला एक वरिष्ठ होता. तो म्हणाला की आम्ही माणसाला माणसाशी जोडतो. हे तो तीनदा म्हणाला, कारण माईक मधूनमधून बंद पडत होता. शाल माझ्या खांद्यावर आली तेव्हा बाहेर छत्तीस अंश उकाडा होता.

त्या मजकुरात सात पायऱ्या होत्या. इंटरनेट तपासा. अॅप बंद करून पुन्हा उघडा. फोन बंद करून पुन्हा सुरू करा. आवाजाची पातळी वाढवा. इअरफोन काढून पाहा. अॅप अद्ययावत करा. आणि सातवी: अॅपला मायक्रोफोन वापरायची परवानगी आहे का ते पाहा. ही पायरी मूळ मसुद्यात दुसरी होती. शेवटी ढकलली ती मी. "कॉल लावायचा आणि मायक्रोफोनला नाही म्हणायचं, असं कोण करेल?" मी बैठकीत विचारलं होतं. "हाक मारायची आणि तोंडावर हात ठेवायचा, असला प्रकार झाला तो." सगळे हसले. पायरी सातवी झाली.

माझे वडील एका तालुक्याच्या गावी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसून कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागली आहे हे सांगायचं, हा त्यांच्या कामाचा गावाला माहीत असलेला भाग. बाकीचं काम कागदावर चालायचं. पण गावाने त्यांना ओळखलं ते आवाजावरून. माझी शाळा स्टँडच्या मागे होती. इतिहासाच्या तासाला खिडकीतून ते यायचे: "फलाट क्रमांक तीनवर उभी असलेली गाडी..." मग गावांची नावं, एकामागून एक, प्रत्येकाला सारखा मान देऊन. घरी ते फारसं बोलत नसत. दिवसभर सगळ्या तालुक्याशी बोलल्यावर तिघांच्या घरात बोलण्यासारखं काही उरत नसावं.

आमच्या घरी भांडण आरडाओरड्याने होत नसे, अबोल्याने होई. त्याचे नियम पक्के होते. अबोला धरणारा एकाच खोलीत बसायचा, जेवायला वेळेवर यायचा, आणि सगळा व्यवहार आईमार्फत चालवायचा. "तिला सांग, शाळेची बस चुकेल." "त्यांना सांग, मला माहीत आहे." आई दोघांच्या मध्ये बसून हे निरोप पोचते करायची, बहुतेकदा थोडे मऊ करून. ती गेल्यावर अबोला धरायची सवय राहिली आणि निरोप मऊ करणारं माणूस गेलं.

उन्हाळ्यात वडिलांचा आवाज बसला. त्यांनी दोन महिने गुळण्या केल्या. मी रागावल्यावर तपासणी केली. तुकडा काढून पाठवला, कॅन्सर निघाला. स्वरयंत्र काढायचं, दुसरा मार्ग नाही, असं डॉक्टर म्हणाले. गळ्याला कायमचं एक भोक राहील आणि श्वास तिथून चालेल. वडिलांनी नकार दिला. त्या दिवशी फोनवर मी त्यांना म्हणाले, "एवढं काय कौतुक लागून गेलंय आवाजाचं? गाड्या आता यंत्र सांगतं." मग ते बसक्या आवाजात म्हणाले, "बरं. करू ऑपरेशन." आणि फोन ठेवला. ते त्यांचं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य.

तो फोन त्यांनी गच्चीतून केला होता. आमचं घर टेकडीच्या कुशीत आहे. घरात मोबाइलला रेंज येत नाही, गच्चीत येते. ब्रॉडबँड मात्र घरात उत्तम. त्याच आठवड्यात त्यांचा जुना फोन गच्चीतल्या टाकीत पडला, आणि दम लागतो म्हणून डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केली. मी चेन्नईहून नवा फोन कुरिअरने पाठवला. त्यांनी तो स्वतः सुरू केला. कुणाची मदत घेतली नाही, कारण मदत घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि मी त्यांना शिकवून ठेवलं होतं. शेजारच्या एका निवृत्त मास्तरांना फोनवरून कुणीतरी फसवलं होतं. तेव्हा मी बजावलं होतं, "बाबा, फोन काहीही विचारू दे, 'परवानगी द्यायची का' म्हणू दे, तुम्ही 'नाही' दाबायचं. वाचत बसू नका." वडिलांनी आयुष्यभर परिपत्रकं पाळली होती. हे त्यांनी परिपत्रक म्हणून घेतलं.

फक्त कॅमेऱ्याला त्यांनी 'हो' म्हटलं होतं, कारण रिपोर्टांचे फोटो मागवताना मीच तसं लिहून कळवलं होतं.

पहिल्या रविवारी मी व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी उचलला. पडद्यावर वडिलांचं कपाळ आणि त्याच्यावर पंखा दिसत होता. त्या वयाची सगळी माणसं फोन असाच धरतात; मदतपानांत यावर अजून पायरी नाही. कोपऱ्यात मायक्रोफोनचं छोटं चित्र होतं आणि त्यावर तिरकी रेघ. म्हणजे समोरून आवाज बंद ठेवलेला आहे.

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी लगेच सात पायऱ्या म्हणून दाखवल्या असत्या. पण हे माझे वडील होते आणि मी त्यांना नको ते बोलले होते. मला वाटलं, अबोला. फोनमध्ये अबोल्याचं बटण असतं हे त्यांना कुणीतरी दाखवलेलं दिसतंय. मी कपाळाशी पंधरा मिनिटं बोलले. ऑपरेशन तिसऱ्या गुरुवारी आहे, मी त्याआधी मंगळवारी येते, कागदपत्रांची पिशवी काढून ठेवा. कपाळ हललं, सुरकुतलं, पुन्हा सरळ झालं. नंतर मी लिहून पाठवलं, 'ऐकू आलं ना?' उत्तरात अंगठा आला; टाइप करणं त्यांना जमत नसे. अबोल्यात अंगठा चालत असावा.

मी तिरुवान्मियूरला एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर राहते. खाली मालकीणबाई असतात. त्या तंजावरकडच्या मराठी. त्यांचं मराठी तीनेकशे वर्षांपूर्वी तिकडे गेलं आणि वाटेत तमिळला सोबत घेऊन बसलं. मी त्यांना मामी म्हणते. दुसऱ्या रविवारच्या कॉलनंतर त्या जिन्यात भेटल्या.

"कसाला ग ओरडत होतीस?"

"ओरडत नव्हते. वडील बोलत नाहीत. मी म्हटलं, बोलायचं नसेल तर नका बोलू."

"अय्यो. दुखणाईत माणसाला असं म्हणतात?"

"मामी, त्यांनी आवाज बंद करून ठेवलाय. मुद्दाम."

"तुला कसं ठाऊक, मुद्दाम?"

"माझं कामच आहे ते."

"सेरी," मामी म्हणाल्या. त्यांच्या तोंडी या तमिळ शब्दाचा अर्थ 'बरं' असा होतो आणि 'तुझ्याशी वाद घालण्यात वेळ कोण घालवील' असाही.

तिसऱ्या रविवारी कपाळ अजिबात हललं नाही. पंखा फिरत राहिला. मी पाच मिनिटांत कॉल संपवला. म्हटलं, मंगळवारी समोरासमोर पाहू. समोरासमोर अबोला मोडायचे आमचे जुने उपाय होते. मी चहा करायची आणि मुद्दाम साखर विसरायची. त्यावर त्यांना बोलावंच लागे.

मंगळवारी चक्रीवादळ आलं. सोमवारपासूनच एन्नोरकडच्या कोळ्यांना समुद्रावर जायची बंदी होती आणि दूध संपलं होतं. मंगळवारी दुपारी विमानतळ बंद झाला. बुधवारी गाड्या रद्द झाल्या. बुधवारी दुपारपर्यंत आमच्या भागातले मोबाइलचे टॉवर गेले आणि माझा फोन म्हणजे घड्याळ झाला. वीज आदल्या दिवशीच गेली होती. मामींचा लँडलाइन त्यांनी कधीच परत करून टाकलेला. राहिलं ते ब्रॉडबँड. गल्लीतली तार आश्चर्यकारकपणे शाबूत होती आणि मामींच्या इन्व्हर्टरवर त्याचा डबा चालू राहू शकत होता.

"किती वेळ चालेल?" मी विचारलं.

"अस्कं बंद केलं तर एक तास. फ्रिज काढते." अस्कं म्हणजे सगळं; त्यांनी खरोखर फ्रिजची पिन काढली. आतलं सगळं त्याच संध्याकाळी वाया गेलं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत.

बुधवारी संध्याकाळी पाच वाजता मी त्यांच्या बैठकीत बसून कॉल लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ऑपरेशन होतं. वडील जिल्ह्याच्या इस्पितळात दाखल झाले होते. सोबतीला त्यांच्या डेपोतले एक निवृत्त ड्रायव्हर काका होते. त्यांच्याकडे बटणांचा फोन, त्यामुळे त्यांचा या कामी उपयोग नव्हता. वडिलांचा फोन मात्र त्यांनीच हातात धरला होता, आणि ड्रायव्हर असल्यामुळे सरळ धरला होता.

म्हणून पहिल्यांदाच मला वडिलांचा पूर्ण चेहरा दिसला. ते वाळले होते. दाढी चांगली घोटलेली. आणि ते बोलत होते. ओठ व्यवस्थित हलत होते, मध्ये थांबत होते, माझ्याकडे प्रश्नार्थक पाहत होते. आवाज येत नव्हता. कोपऱ्यात तीच तिरकी रेघ.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही बोलताय?"

त्यांनी मान हलवली, तोंडाने 'हो' म्हणाले आणि पुढे बोलू लागले. काकांनी त्यांच्याकडे बोट दाखवून स्वतःही काहीतरी म्हटलं. तेही मुकं.

तीन रविवार माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मामी माझ्या मागे उभ्या होत्या.

"बाबा, थांबा. मला तुमचं ऐकू येत नाहीये. एवढे दिवस येत नव्हतं. मी सांगते तसं करा." आणि मग मी ते केलं ज्यासाठी मला शाल मिळाली होती. मी क्रमाने सुरुवात केली. अॅप बंद करून उघडायला लावलं. काही झालं नाही. फोन बंद करून सुरू करायला लावलं. मला कारण माहीत होतं; चित्रावरची रेघ मला ओरडून कारण सांगत होती. पण घाबरलेलं माणूस पाठ केलेलं म्हणतं, आणि मी पाठ केलेलं क्रमाने होतं. फोन सुरू व्हायला, त्याचं नेटवर्क यायला नऊ मिनिटं गेली. मी ती घड्याळात पाहिली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

पुन्हा कॉल लागला. मी म्हटलं, "काका, नर्सबाईंचा फोन मिळतो का बघा." काका पडद्यावरून गेले, परत आले, हात हलवून 'नाही' म्हणाले. इथे इन्व्हर्टर पहिल्यांदा किंचाळला.

"कोपऱ्यातल्या रेघेच्या चित्रावर बोट ठेवा. आता फोन एक चौकोन दाखवेल," मी म्हटलं. "मायक्रोफोनला परवानगी द्यायची का, असं विचारेल. तेव्हा..."

चित्र अडकलं. सुटलं तेव्हा वडिलांचं बोट पडद्यावरून मागे जात होतं आणि चेहऱ्यावर समाधान होतं. फोनने परवानगी मागितली होती. त्यांनी 'नाही' दाबलं होतं. मी शिकवलं होतं तसं, न वाचता, ताबडतोब. ते माझ्याकडे पाहून हसलेसुद्धा: बघ, विसरलो नाही.

दोनदा नकार मिळाला की फोन तिसऱ्यांदा विचारत नाही. मग सेटिंगमध्ये जावं लागतं. तिथे अॅपची यादी, यादीत आपलं अॅप, त्यात परवानग्या, त्यात मायक्रोफोन. मी हे सांगू लागले. काकांचा चष्मा घरी राहिला होता. वडिलांचा चष्मा सापडला, पण सेटिंग उघडलं की माझा चेहरा नाहीसा होई, आणि मी गेले असं वाटून ते परत मागे येत. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा त्यांनी फोन काकांच्या हातात दिला आणि हाताने खूण केली: राहू दे.

मग ते नीट बसले. उशी पाठीशी घेतली, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि बोलायला लागले. थेट कॅमेऱ्यात पाहून, न थांबता. ओठांची हालचाल एका लयीत होती. तक्रार करताहेत की समजूत घालताहेत, मला कळेना. मी म्हणत होते, "बाबा, ऐकू येत नाही, बाबा, सातवी पायरी..." सातवी पायरी म्हणजे काय हे त्यांना कसं कळणार होतं?

"गप्प बस ग," मामी मागून म्हणाल्या. "बघ तरी त्यांच्याकडे."

मी गप्प बसले. अडीच-तीन मिनिटं पाहिलं. मग इन्व्हर्टर दुसऱ्यांदा किंचाळला, डब्यावरचे हिरवे दिवे गेले आणि वडील तोंड अर्धं उघडलेल्या अवस्थेत गोठले. थोड्या वेळाने तेही गेले. पडद्यावर आलं, 'कॉल संपला.' हे दोन शब्दही माझेच.

विमान शनिवारी निघालं. मी पोचले तेव्हा वडील खाटेवर बसलेले होते, गळ्यावर पट्टी, त्यातून नळी. श्वासाचा आवाज भलत्याच ठिकाणाहून येत होता. ऑपरेशन चांगलं झालं होतं. फोन उशाशी होता. मी तो उचलला, सेटिंग, अॅप, परवानग्या, मायक्रोफोन. चार सेकंद लागले. वडील पाहत होते. मी त्यांना काय केलं ते दाखवलं. त्यांनी मान डोलावली आणि इस्पितळाने दिलेल्या वहीत लिहिलं, 'तूच म्हणालीस, नाही दाबायचं.'

खाली आणखी एक ओळ लिहिली. 'आणि नका बोलू म्हणालीस. म्हणून तिसऱ्या रविवारी बोललो नाही. म्हटलं, घशाला आराम द्यायला सांगते आहे.'

दोन्ही ओळींत राग नव्हता. कार्यालयीन टिपण असावं तशा होत्या.

संध्याकाळी काका मला चहाला खाली घेऊन गेले. मी विचारलं, "त्या दिवशी शेवटी बाबा काय बोलत होते?"

"काय म्हंजे? तुमास्नी शेवटाला बी कायच ऐकू आलं न्हाई?"

"नाही."

काकांनी बशी खाली ठेवली. "अवं ताई, सायेब गाड्या सांगत हुते की. पैल्या फलाटापास्नं सातव्यापत्तुर. म्हनले, पोरगी साळंत असताना खिडकीतनं ऐकायची, आता येकदा सांगू द्या, आलं ऐकू तर आलं. म्या म्हनलं, सायेब, घसा दुखंल. तर म्हनले, उद्यापास्नं दुखून काय करनार हाय?" त्यांनी बशी पुन्हा उचलली. "आवाज पार बसल्याला. पर येक बी गाव चुकलं न्हाई बगा. शेजारच्या खाटंवरचा पेशंट उठून बसला, त्याच्या गावचं नाव आलं तवा."

मी चहा संपवला. त्यात साखर होती की नव्हती, सांगता येणार नाही.

चेन्नईला परतल्यावर मी तो मजकूर बदलला. सातवी पायरी पहिली केली. बदल मंजूर व्हायला एक तक्ता भरावा लागतो. त्यात 'बदलाचे कारण' असा रकाना असतो. मी लिहिलं, 'वापरणाऱ्याचा अनुभव.' वरिष्ठांनी अर्ध्या तासात मंजुरी दिली आणि खाली टाळ्यांची चित्रं जोडली.

आता दर रविवारी कॉल लावते. कपाळ आणि पंखा दिसतो. कोपऱ्यातली रेघ गेली आहे. आवाज स्वच्छ येतो. पंख्याचा येतो, स्वयंपाकघरातल्या नळाचा येतो, आणि वडिलांचा श्वास येतो, आत जाताना थोडी शिट्टी वाजते. मी काही विचारलं की ते नखाने फोनच्या पाठीवर टकटक करतात. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. गेल्या रविवारी मी विचारलं, "त्या दिवशीच्या गाड्या वहीत लिहून द्याल का मला?"

बराच वेळ पंखा फिरत राहिला. मग टकटक आली, दोन वेळा.

कॉल संपला की अॅप विचारतं, 'आवाजाचा दर्जा कसा होता?' पाच ताऱ्यांपैकी निवडायचं असतं. मी पाच देते. आवाजात कुठलाही दोष नसतो.